टायर पाहून येतो

आर्वी ते पुलगाव, सकाळी साडेसहाची गाडी.
हा रस्ता मला गावांनी पाठ नाही,
दारांनी पाठ आहे.
डेपोतलं, कडी तुटलेलं, सुतळी मीच बांधलेली.
रोहण्यात शाळेमागचं, चावी शिपाई ढोक्यांजवळ.
विरुळात पानठेल्यामागे सगणेबाईंचं घर,
त्या विचारत नाहीत, बादली भरून ठेवतात.
मधल्या वीस मिनिटांत काहीच नाही.
नुसती कपाशी,
आणि ती कमरेच्या वर गेली नसेल
तर तीही काही कामाची नाही.

सेवाग्रामला दुर्बीण टाकली.
डॉक्टरीणबाईंनी केसपेपरामागे आतडं काढलं,
डाव्या बाजूला पेनानं खरवडलं.
"हे जात नाही. पण शांत राहू शकतं."
म्हटलं, म्हणजे भाऊबंदकीसारखं.
त्या हसल्या. मलाही हसू आलं, बाहेर येऊन रडले.
गोळ्यांनी तोंड फुगलं.
पॅसेंजर म्हणाले, बाई अंगानं भरली.
त्या आठवड्यात दिवसाला अकरा वेळा, रक्तासकट.

मग सहा गुरुवार, ग्रामीण रुग्णालय,
लसीची जुनी खोली, बंद फ्रीज, सात खुर्च्या.
मडावी सिस्टरनी प्रत्येकाला एक वही दिली.
किती वेळा. रक्त आहे, नाही. काय खाल्लं. झोप.
हिशोब मला नवा नाही,
पंधरा वर्षं मी तिकिटं आणि पैसे जुळवते.
पण स्वतःचं लिहायला लाज वाटली,
पहिल्या पानावर नुसती तारीख.

देवमन खडसे म्हणाले, मले ठेचा चालत नाही.
नलू उईके म्हणाली, मले तर दूधच नाही चालत,
ठेचा खाल्ला तरी काही होत नाही.
दोघं भांडायला उठले.
सिस्टर म्हणाल्या, वही आपापली पाहा,
दुसऱ्याच्या वहीत आपलं पोट नसतं.
आणि बरं वाटलं म्हणून गोळी
आपल्या मनानं सोडायची नाही.
मी मान खाली घातली. दोनदा सोडली होती.

चौथ्या गुरुवारी घरचा अभ्यास:
एका माणसाला सांगा.
सासरी नाही. आईला तर नाहीच.
मी केवलरामला सांगितलं,
आठ वर्षं माझ्यापुढे बसून गाडी हाकणाऱ्याला,
त्याच्या पाठीकडे पाहत,
पुलगावच्या स्टँडवर, गाडी रिकामी असताना.
रोगाचं नाव इंग्रजी होतं, तेच आधी सांगितलं.
मग साध्या मराठीत सांगितलं.
त्यानं आरसा पुसला.
"हाव," म्हणाला. बस, एवढंच.
मला वाटलं, चुकलंच सांगून.

दुसऱ्या दिवशी विरुळच्या अलीकडे पोटात पीळ पडला.
मी दांडा धरला, पंच धरला, ओठ धरले.
बेल वाजवली नव्हती.
गाडी पानठेल्यापुढे थांबली.
केवलराम उतरला, मोठ्यानं म्हणाला,
"टायर पाहून येतो."
आणि मागच्या चाकाला लाथ मारत राहिला,
मी परत येईपर्यंत.

वहीत सगळंच लिहिता येत नाही.
रकाने चारच आहेत.
त्या दिवशी मी समासात लिहिलं: टायर.

आता गुरुवारी एक पोरगा येतो, बारावीचा,
परीक्षेतून दोनदा उठून आलेला.
खुर्ची दाराजवळ ओढतो, वही उघडत नाही.
मी त्याला काही शिकवलं नाही.
फक्त सुतळी बांधायची गाठ दाखवली,
आणि सगणेबाईंचं घर सांगितलं.

सध्या बरं आहे. दिवसाला दोन, कधी तीन.
कपाशी खांद्याला लागली आहे, मी तिकडे पाहतही नाही.
तरी आठवड्यातून एखाद्या वेळी
केवलराम उगाच उतरतो, चाकाभोवती फिरतो.
कालच एक म्हातारा वैतागला,
"बाई, या गाडीचा टायर रोज कायले बसते वो?"
मी तिकीट फाडलं.
म्हटलं, बाबाजी, जुनी गाडी आहे,
पाहत राहावं लागते.